खुली वेबसाईट, बंद दरवाजा

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या खंडपीठाने सांगितले की, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच अविभाज्य भाग आहे. याचिका करणाऱ्यांत ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया होत्या आणि एक दृष्टिहीन वकीलही होते. बँकेत खाते काढायचे तर आता मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावे लागते. ज्या स्त्रीच्या पापण्याच ॲसिडने जळून गेल्या आहेत, तिने डोळे मिचकावायचे कसे? ज्याला दिसतच नाही, त्याने कॅमेऱ्याच्या चौकटीत चेहरा नेमका बसवायचा कसा? यंत्राच्या लेखी ही माणसे जिवंतच नव्हती. न्यायालयाने सरकारला आणि वित्तीय संस्थांना वीस निर्देश दिले.

निकालाचे स्वागत झाले आणि विषय मागे पडला. आमच्या चळवळीच्या व्यासपीठांवर तर त्याची चर्चाच ऐकू आली नाही. बँका, ॲप, वेबसाईट हा शिकलेल्या, शहरी, कॉम्प्युटरवाल्या लोकांचा विषय आहे, आपले प्रश्न वेगळे, असे कार्यकर्त्यांना वाटते. हा समज घातक आहे. आज शिष्यवृत्ती, जातीचा दाखला, जात पडताळणी, वसतिगृह, नोकरीचा अर्ज, परीक्षेचे प्रवेशपत्र, निराधार योजनेचे अनुदान, यांपैकी कशासाठी वेबसाईटच्या दारात उभे राहावे लागत नाही ते सांगा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी १९४४ साली, बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना, जी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, तिचा अर्जसुद्धा आता ऑनलाईनच भरावा लागतो. पूर्वी समाजकल्याण खात्याच्या टेबलावर अडवणूक व्हायची. तिथे निदान बाबू दिसायचा, त्याला जाब विचारता यायचा, चार कार्यकर्ते जाऊन टेबलावर हात आपटता यायचा. आता अडवणूक करणारा दिसतच नाही. पडद्यावर लाल अक्षरात ‘इनव्हॅलिड’ असा शब्द येतो आणि मुलगी रडत घरी जाते.

आणि हा प्रश्न सर्वांत जास्त कोणाचा आहे? २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती होत्या, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. अनुसूचित जातींमध्ये हेच प्रमाण २.४५ टक्के होते. हा फरक दिसायला लहान आहे, पण तो योगायोग नाही. जिथे गर्भारपणी पोटभर अन्न नसते, जिथे ताप आलेल्या मुलाला वेळेवर दवाखाना मिळत नाही, जिथे वाट्याला खाणकाम, वीटभट्टी, गटारसफाई आणि ऊसतोड येते, तिथे अपंगत्व जास्त असणारच. शिवाय २ कोटी ६८ लाखांपैकी १ कोटी ८६ लाख ग्रामीण भागात राहत होते. म्हणजे ‘अपंगांचा प्रश्न’ असे आपण म्हणतो तेव्हा तो फार मोठ्या प्रमाणावर गावकुसाबाहेरच्या माणसाचाही प्रश्न असतो. २०२१ साली पाटण जमाल वली विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात, एका दृष्टिहीन दलित तरुणीवरील अत्याचाराचा विचार करताना, सर्वोच्च न्यायालयाने जात, लिंग आणि अपंगत्व एकाच देहावर एकाच वेळी कसे आघात करतात याची सविस्तर चर्चा केली आहे. आमच्या वकील मंडळींनी तो निकाल मुळातून वाचला पाहिजे.

आता मुद्दा वेबसाईटचा. दृष्टिहीन माणूस कॉम्प्युटर कसा वापरतो, हे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलेच नसते. तो माऊस वापरत नाही, कारण बाण कुठे आहे ते त्याला दिसत नाही. तो कीबोर्डवरील टॅबची कळ दाबत एका रकान्यावरून दुसऱ्या रकान्यावर जातो आणि स्क्रीन रीडर नावाचे सॉफ्टवेअर त्याला पडद्यावर काय आहे ते वाचून दाखवते. एनव्हीडीए नावाचा असा स्क्रीन रीडर २००६ पासून फुकट उपलब्ध आहे आणि तो मराठीही बोलतो. मोबाईलमध्ये तर ही सोय आतच असते. म्हणजे वापरणाऱ्याच्या बाजूने तयारी पूर्ण आहे. पण वेबसाईट करणाऱ्याने प्रत्येक रकान्याला त्याचे नाव आतून जोडलेले असावे लागते. डोळस माणसाला रकान्याच्या शेजारी ‘वडिलांचे नाव’ असे छापलेले दिसते. आतून जोडणी केली नसेल तर स्क्रीन रीडर नुसते ‘एडिट, एडिट, एडिट’ म्हणत पुढे जातो. यातला कोणता रकाना वडिलांच्या नावाचा आणि कोणता उत्पन्नाच्या दाखल्याच्या क्रमांकाचा, ते कळायला मार्ग नाही. ‘अर्ज सादर करा’ हे बटण चित्र म्हणून टाकले आणि त्या चित्राला मजकूर दिला नाही, तर ते बटण त्या माणसासाठी अस्तित्वातच नाही. दोन ओळींची जोडणी केली असती तर हे टळले असते. ती केली नाही, कारण असाही कोणी माणूस अर्ज भरायला येईल हे करणाऱ्याच्या मनातच आले नाही.

त्याच्या पुढे कॅप्चा. वेडीवाकडी, आडवीतिडवी अक्षरे ओळखून लिहा आणि तुम्ही यंत्र नसून माणूस आहात हे सिद्ध करा! ज्याला दिसत नाही तो इथे माणूस ठरत नाही. अंधुक दिसणाऱ्या म्हाताऱ्याचीही तीच गत. माणूसपण सिद्ध करायला लावण्याची ही तऱ्हा आमच्या समाजाला नवी नाही, म्हणून ती आम्हाला लवकर कळायला हवी.

हे सारे मी माझ्या मनचे सांगत नाही. करोनाच्या काळात लस घ्यायची तर कोविन पोर्टलवर नोंदणी करावी लागत होती. ३१ मे २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने या पोर्टलमधील अडथळेच नोंदवून ठेवले आहेत. कॅप्चाला आवाजाचा पर्याय नाही. लसीच्या जागा किती शिल्लक आहेत ते दृष्टिहीन व्यक्तीला कळते, पण त्या कोणत्या तारखेच्या ते कळत नाही. कीबोर्डने वेबसाईटवर फिरता येत नाही. अपंग व्यक्तीला वेळ निवडायला पुरेसा अवधी न देता पोर्टल आपोआप बाहेर काढते. रंगांमधला फरक पुरेसा ठळक नाही. जीवनमरणाचा प्रश्न असताना देशाच्या सर्वांत महत्त्वाच्या वेबसाईटची ही अवस्था होती. न्यायालयाने अपंगत्वाच्या दृष्टीने तिचे ऑडिट करण्यास सांगितले आणि ती भारतीय भाषांत आणण्याचा प्रश्नही लावून धरला. मुळात ती इंग्रजीतच सुरू झाली होती. ज्या देशात बहुसंख्य जनतेला इंग्रजी येत नाही, तिथे लसीची रांग इंग्रजीत लावावी असे ज्यांना सुचले, त्यांच्या डोळ्यांसमोर ‘जनता’ म्हणून नेमके कोण होते?

मराठीच्या बाबतीत तर आणखी एक घोळ आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. शासनाची परिपत्रके, संस्थांच्या जाहिराती, योजनांची माहिती यांतला पुष्कळसा मजकूर कागद स्कॅन करून पीडीएफ म्हणून चढवलेला असतो. आपल्याला तो वाचता येतो. स्क्रीन रीडरच्या दृष्टीने मात्र ते एक छायाचित्र असते, त्यात अक्षर नसतेच. दुसरा प्रकार जुन्या फॉन्टचा. युनिकोड येण्यापूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये पडद्यावर ‘अ’ दिसतो, पण आतमध्ये इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असतात. अशी फाईल वाचायला दिली की स्क्रीन रीडर मराठी वाचण्याऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा गोंधळ ऐकवतो. शासनाने २०१७ च्या नियमांतच लिहिले होते की, वेबसाईटवर टाकायची कागदपत्रे ई-पब किंवा ओसीआर केलेल्या पीडीएफ स्वरूपात असावीत. म्हणजे कायद्याला हे ठाऊक होते. ज्या टेबलावर कागद स्कॅन होतो, तिथपर्यंत ते पोहोचले नाही.

वेबसाईट बनवणे हे तांत्रिक काम आहे, त्यात जातीयता कुठून आली, असा प्रश्न काही जण विचारतील. कोणी मुद्दाम दुष्टपणे करतो असे माझे म्हणणे नाही. परंतु वेबसाईट आखणारा माणूस एक काल्पनिक वापरकर्ता डोळ्यांसमोर ठेवतो. तो वापरकर्ता बहुधा त्याच्यासारखाच असतो. त्याला नीट दिसते, त्याचे दोन्ही हात चालतात, घरात स्वतःचा कॉम्प्युटर आहे, वीज जात नाही, स्वतःच्या नावावर मोबाईल आहे, ईमेल आहे, आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग सगळ्या कागदांवर एकच आहे. आमच्या वस्तीतल्या मुलीचे काय? तिच्या आधार कार्डावर एक स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर दुसरे. ओटीपी येतो बापाच्या मोबाईलवर आणि बाप असतो बांधकामावर. तो ओटीपी फोनवर सांगेपर्यंत वेळ संपते आणि भरलेला सगळा अर्ज पुसला जातो. वीस मिनिटांत अर्ज पूर्ण झालाच पाहिजे अशी सक्ती कोणत्या कायद्यात आहे? कोणत्याच नाही. ती आखणाऱ्याने परस्पर ठरवली, आणि ती कायद्याहून कठोर ठरली. यालाच मी आखणीतली विषमता म्हणतो. तिच्यासाठी कोणाच्या मनात द्वेष असण्याची गरज नसते, म्हणूनच ती ओळखायला अवघड आहे.

बौद्धांच्या बाबतीतले एक उदाहरण वकिलीच्या कामात माझ्यासमोर आले. एका ऑनलाईन अर्जात धर्माच्या यादीतून ‘बौद्ध’ निवडले की प्रवर्गाच्या यादीतून अनुसूचित जाती हा पर्यायच गायब होत होता. १९९० साली संसदेने कायदा दुरुस्त करून बौद्ध धम्म स्वीकारलेल्यांना अनुसूचित जातीच्या सवलती दिल्या. त्यासाठी किती मोर्चे, किती आंदोलने झाली, हे जुन्या कार्यकर्त्यांना विचारा. संसदेने जे दिले ते एका यादीने काढून घेतले. पालक म्हणाले, ‘साहेब, कॅफेवाला म्हणतो हिंदू टाका, मग पुढे जाईल.’ १९५६ च्या धर्मांतराने जे नाकारले ते वेबसाईटच्या सोयीसाठी पुन्हा स्वीकारायचे? त्या पालकांनी ते केले नाही आणि लेखी हरकत घेतली. पण मुदत संपायला दोन दिवस असताना किती जण असा धीर धरतील?

महाडची आठवण इथे येतेच. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुले झाले. महाड नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचा ठराव १९२४ साली केला. कागदावर तळे खुले होते. पण २० मार्च १९२७ पर्यंत एकाही अस्पृश्याने तिथे पाणी भरले नव्हते. कारण तळे खुले असल्याचा ठराव आणि तळ्यापर्यंत जाण्याची वाट या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. त्यानंतर दहा वर्षे कोर्टकज्जे चालले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. सरकारी वेबसाईटचेही नेमके असेच आहे. ‘सर्वांसाठी खुली’ असे तिच्यावर लिहिलेले असते. भारत सरकारने वेबसाईटसाठी मार्गदर्शक तत्त्वे २००९ साली काढली, ती पुन्हा सुधारली, २०२३ मध्ये तिसरी आवृत्ती काढली. ठरावांची कमतरता कधीच नव्हती.

इथे कायद्याची बाजू थोडी उलगडून सांगितली पाहिजे. बाबासाहेबांनी संविधानात अनुच्छेद १५ (२) ठेवला. विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते आणि राज्याच्या पैशातून चालणाऱ्या सार्वजनिक जागा वापरण्यास कोणालाही अडवता येणार नाही, असे तो सांगतो. महाडचा लढा त्या शब्दांत उतरलेला आहे. राज्याच्या पैशातून चालणारी वेबसाईट ही आजची सार्वजनिक जागा आहे, असा युक्तिवाद माझ्या मते नक्की करता येतो. अडचण एवढीच की, या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान ही कारणे आहेत, अपंगत्व नाही. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाला अनुच्छेद २१ आणि समानतेच्या व्यापक तत्त्वाकडे जावे लागले, आणि खरी भिस्त २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यावर आली. हा कायदा आला तो २००७ साली भारताने मान्यता दिलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारामुळे, ज्यात इंटरनेटचा स्पष्ट उल्लेख आहे. कायद्याचे कलम ४० सरकारला सुगम्यतेचे नियम करण्यास सांगते, कलम ४२ माहिती सर्वांना वापरता येईल अशा रूपात देण्यास सांगते, आणि कलम ४६ सेवा देणाऱ्या प्रत्येकाला, मग तो सरकारी असो की खाजगी, नियम आल्यापासून दोन वर्षांची मुदत देते. नियम जून २०१७ मध्ये आले. दोन वर्षे जून २०१९ मध्ये संपली.

पण नियम कसे केले होते ते पाहा. कायदा म्हणतो, ‘करावेच लागेल’. नियम मात्र मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखवत होते, आणि मार्गदर्शक तत्त्वे म्हणजे जमले तर करा. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने ही लबाडी उघडी पाडली. ‘लबाडी’ हा शब्द माझा, न्यायालयाची भाषा सभ्य आहे. नियम १५ (१) हा मूळ कायद्याशी विसंगत आहे, कारण कायद्याने सक्ती सांगितली असताना नियमाने ती शिफारस करून टाकली, असे न्यायालयाने म्हटले आणि तीन महिन्यांत सक्तीचे किमान निकष करण्यास सांगितले. ही याचिका कोणत्या सालची होती? २००५ ची. रस्ते, इमारती, वाहने सुगम्य व्हावीत म्हणून एका दृष्टिहीन नागरिकाने केलेली मागणी एकोणीस वर्षे न्यायालयात फिरत होती. राखीव जागांचा अनुशेष, ॲट्रॉसिटी कायद्याचे नियम, पदोन्नतीतले आरक्षण यांवर लढलेल्यांना ही रीत चांगली ओळखीची आहे. अधिकार कायद्यात द्यायचा आणि नियमात काढून घ्यायचा!

दंडाचे म्हणाल तर या कायद्यात पहिल्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंत आणि पुढच्या उल्लंघनाला पन्नास हजार ते पाच लाख रुपये आहे. मोठ्या कंपनीला दहा हजार म्हणजे साहेबांच्या एका जेवणाचे बिल.

याच संदर्भात नावाबद्दलही बोलले पाहिजे. २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी अपंगांना ‘दिव्यांग’ म्हणावे असे सुचवले आणि मग सगळे फलक बदलले. दिव्य अंग! ज्या माणसाला रॅम्पशिवाय तहसील कार्यालयात चढता येत नाही आणि वेबसाईटवर अर्ज भरता येत नाही, त्याला दिव्यत्व बहाल करून काय साधले? आम्हालाही एके काळी ‘हरिजन’ म्हटले गेले. १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात तो शब्द कायद्यात घालण्यास बाबासाहेबांनी विरोध केला आणि सभात्याग केला. देवाशी नाते जोडणारे गोड नाव देऊन माणसाचा हक्क टाळता येतो, हे त्यांनी ओळखले होते. अपंग चळवळीतील अनेकांनीही ‘दिव्यांग’ शब्दाला हरकत घेतली आहे. महाराष्ट्राने २०२२ मध्ये या नावाचा स्वतंत्र विभाग स्थापन केला, ही चांगलीच गोष्ट आहे. विभागाचे नाव काहीही असो, काम मोजले जाईल ते सोयींवरून.

खर्चाचे कारण नेहमी पुढे केले जाते. वेबसाईट सुगम्य करायला फार पैसा आणि वेळ लागतो म्हणे. सन २००० मध्ये सिडनीला ऑलिंपिक झाले तेव्हा ब्रूस मॅग्वायर या दृष्टिहीन नागरिकाने संयोजकांविरुद्ध तक्रार केली होती की, वेबसाईटवरील चित्रांना मजकूर नाही, त्यामुळे स्पर्धांचे वेळापत्रक आणि निकाल मला वाचता येत नाहीत. संयोजकांनी सांगितले, हे काम करायला एका माणसाला वर्षाहून जास्त दिवस लागतील आणि लाखो डॉलर खर्च येईल. ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाने ते मान्य केले नाही, भेदभाव झाला असे ठरवले, आणि पुढे वीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यायला लावली. पंचवीस वर्षांपूर्वीची ही गोष्ट. वेबसाईट सुगम्य कशी करावी याचे आंतरराष्ट्रीय निकष १९९९ पासून लिहून ठेवलेले आहेत आणि ते कोणालाही फुकट वाचता येतात. घर बांधतानाच दार रुंद ठेवले तर खर्च नाही. भिंत उभी राहिल्यावर फोडायची म्हटले की खर्च येतो. आपल्याच देशातले उदाहरण हवे असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीचे घ्या. तिने मनावर घेतले आणि २०२१ पर्यंत उच्च न्यायालयांच्या वेबसाईटवरील कॅप्चाला दृष्टिहीनांना वापरता येईल असा पर्याय आला. दृष्टिहीन वकील आता खटल्याची तारीख स्वतः पाहू शकतो.

‘स्वतः’ या शब्दावर माझा भर आहे. वेबसाईट वापरता आली नाही की माणूस दुसऱ्याकडे जातो. सायबर कॅफे, सेतू केंद्र, ओळखीचा मुलगा. तो फॉर्म भरून देतो, पैसे घेतो, आधार क्रमांक, पासवर्ड, बँकेचे खाते, मोबाईलवर आलेला ओटीपी, सगळे त्याच्या हातात जाते. त्यातले बरेच जण आपल्याच वस्तीतले असतात, प्रामाणिकही असतात. त्यांच्या पोटावर पाय देण्याचा हेतू नाही. पण नागरिक आणि शासन यांच्यामध्ये मध्यस्थ बसला की काय होते हे आमच्या समाजाने पोथी आणि पुरोहित यांच्या रूपाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे २०१७ साली नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले. वेबसाईट नीट नसल्यामुळे ज्याला आपला पासवर्ड परक्याला सांगावा लागतो, त्याच्या वाट्याला तो हक्क आलाच नाही.

आता आपल्या घरात पाहू. आंबेडकरी संस्था, संघटना, प्रकाशने यांच्या वेबसाईटवर जा. परिषदेची पत्रिका म्हणजे एक मोठे रंगीत चित्र. त्यातला एकही शब्द स्क्रीन रीडरला वाचता येत नाही. लेख वर्तमानपत्रातून कापून, फोटो काढून पाठवलेले. बाबासाहेबांचे खंड स्कॅन करून हातोहात फिरवले जातात, ही सेवा मोठी आहे, पण ज्याला दिसत नाही त्याच्या हातात त्या फाईलमधून काहीच पडत नाही. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांची जी विक्री होते तिचा आम्हाला सार्थ अभिमान आहे. त्याच्या तीनच दिवस आधी, तीन डिसेंबरला, जागतिक अपंग दिन असतो. त्या दिवसांत ‘जातिसंहार’ किंवा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ युनिकोड मराठीत, शीर्षके नीट लावून, ऐकता येईल अशा रूपात तयार करण्याचे काम आपल्या मुलांनी का घेऊ नये? अभियांत्रिकी शिकलेली आपली हजारो मुले पुण्यात, बंगळूरला सॉफ्टवेअर कंपन्यांत बसली आहेत. त्यांतल्या दहा जणांनी रविवार दिले तरी पुष्कळ होईल. समाजाला परतफेड कशी करावी असे ही मुले विचारतात. धम्मदान म्हणून हे काम सुचवावेसे वाटते.

सरकारी वेबसाईटसाठी मात्र विनंती करत बसण्याचे कारण नाही, हत्यार कायद्यात आहे. २०१६ च्या कायद्याच्या कलम २३ नुसार प्रत्येक सरकारी आस्थापनेला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, आणि तक्रार नोंदल्यापासून दोन आठवड्यांत तिची चौकशी व्हावी लागते. त्याने समाधान झाले नाही तर जिल्हास्तरीय समिती आहे. त्यावर पुण्याला राज्य आयुक्त आहेत, ज्यांना साक्षीदार बोलावण्याचे, कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. माहिती अधिकारात तीन गोष्टी विचाराव्यात: या वेबसाईटचे सुगम्यतेचे ऑडिट कधी झाले, ते कोणी केले, आणि कंत्राट देताना निविदेत सुगम्यतेची अट होती का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळवण्याचा आग्रह धरावा, कारण अट नसेल तर कंत्राटदाराला दोष देऊन खात्याला सुटता येणार नाही. तक्रार करताना कोणत्या पानावर, कोणत्या रकान्यात, किती वाजता अडले ते लिहावे, पडद्याचा फोटो जोडावा आणि अर्जाची मुदत संपण्यापूर्वी पोच घ्यावी. मुदत उलटल्यानंतर आलेल्या तक्रारीला ‘विद्यार्थ्याने अर्जच केला नाही’ असे एका ओळीचे उत्तर देऊन खाते मोकळे होते.